हिमालयात बर्फातून चालताना: हिमस्खलनाबद्दल खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मंडळी आता फक्त मे महिन्यातच नाही, भर जानेवारीतही हिमालयात जातात. भुसावळला गाडी पकडायची, दिल्लीला उतरायचं, रात्रभर बस, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय बर्फात. तयारीच्या बैठकीत प्रश्न येतात ते जाकिटाचे, बुटांचे, धाप लागण्याचे. हिमस्खलनाचा प्रश्न निघाला तर शेवटी, चहा पिऊन उठता उठता. तो आधी विचारला जावा म्हणून हे प्रश्न आणि उत्तरं इथे मांडली आहेत. हे वाचून कुणी बर्फातला जाणकार होणार नाही. पण कुठे थांबायचं आणि कुणाला काय विचारायचं, एवढं नक्की कळेल.

आम्ही ४५ अंशांच्या उन्हातले लोक. साध्या ट्रेकला जाणाऱ्याला हे कशाला हवं?

उन्हाचं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मे महिन्यात दुपारी शेतात थांबायचं नाही, डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, हे घरातच कळतं. लाहौल किंवा चमोलीतल्या माणसाला बर्फाचं तसंच कळतं. कोणत्या नाल्यात फेब्रुवारीत पाय ठेवायचा नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत असतं. आपल्याला बर्फ दिसतो तो पांढरा आणि सुंदर, त्यात धोका दिसत नाही. शिवाय ‘सोपा ट्रेक’ ही श्रेणी चढाई आणि अंतरावरून ठरते. डोक्यावरच्या उतारावर किती बर्फ लटकलाय, याचा त्या श्रेणीशी काही संबंध नाही.

हिमस्खलन नेमकं कसं सुटतं?

मुख्य प्रकार दोन. पहिला सुट्या बर्फाचा. एका ठिकाणाहून सुरू होतो आणि खाली येताना पसरत जातो. दुसरा लादीचा, आणि माणसं जास्त मरतात ती याच्यात. वरचा थर घट्ट बसलेला असतो, त्याच्या खाली एखादा कच्चा थर असतो. वजन वाढलं, नवा बर्फ पडला, वाऱ्याने आणून टाकला किंवा माणूस त्यावर चढला, की कच्चा थर मोडतो. ती मोड आतल्या आत क्षणात दूरवर पळते आणि वरची अख्खी लादी एकदम सुटते. चालणारा माणूस लादीच्या कडेला नाही, तिच्या मधोमध उभा असतो. भेग उतारावर त्याच्या वरच्या बाजूला पडते.

काही सेकंदांत वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर जातो. थांबल्यावर तो बर्फ घट्ट होतो, कारण घासून-घासून कण बारीक झालेले असतात आणि थांबताच एकमेकांना चिकटतात. त्यात गाडलेल्या माणसाला बोट हलवणंही जमत नाही, म्हणून ‘मी उकरून बाहेर येईन’ हा विचार सोडून द्या.

आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेवा. युरोप-अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की हौशी प्रवाशांच्या अपघातांत दहातल्या सुमारे नऊ वेळा हिमस्खलन त्या माणसाने स्वतः किंवा त्याच्या सोबत्याने सोडलेलं असतं. ‘नशीबच खराब’ असं म्हणण्यासारखं त्यात फार थोडं उरतं.

तो कच्चा थर येतो कुठून?

याचा एक प्रकार तुम्ही सातपुड्यात पाहिलेला असेल. कडाक्याच्या थंडीत डाब, तोरणमाळकडे पहाटे गवतावरचं दव गोठलेलं दिसतं. आकाश निरभ्र हवं, वारा पडलेला हवा, मग रात्रभरात गवताच्या पात्यावर पांढरे उभे स्फटिक वाढतात. बोट लावलं की मोडतात. ऊन वर आलं की संपतात.

हिमालयात हेच बर्फाच्या पृष्ठभागावर होतं. फरक एवढाच की उत्तरेकडच्या सावलीच्या उतारावर ऊन पोहोचत नाही आणि ते स्फटिक तसेच उभे राहतात. मग एका रात्री त्यांच्यावर फूटभर बर्फ पडतो. वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. खाली मात्र बोटाने मोडणाऱ्या काड्यांवर सगळं ओझं टेकलेलं असतं. हा थर कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे तसाच राहतो.

दुसरा प्रकार जमिनीलगतचा. बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपास असते आणि वरचा पृष्ठभाग उणे वीसपर्यंत उतरतो. बर्फ पातळ असेल तर थोड्याशा जाडीत हा मोठा फरक सामावलेला असतो. त्यामुळे आतली वाफ वर सरकत राहते आणि तळातले कण बदलून जाडसर, कोनदार, सुटे दाणे होतात. हातमोजा काढून ते मुठीत घेतले तर गोळा वळत नाही, बोटांतून गळून जातात. लडाख आणि स्पितीकडे बर्फ कमी आणि थंडी फार, म्हणून तिथे हे नेहमीचं. ‘यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोका कमी’ हे गणित त्यामुळेच खोटं ठरतं.

किती उताराला भ्यायचं?

लादीची हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. २५ च्या खाली ती क्वचितच सुरू होतात. ६० च्या वर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा झडत राहतो. अडचण अशी की ३० ते ४५ हाच चढायला मजेचा, घसरायला मजेचा आणि फोटोला देखणा उतार असतो.

डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. फोनमध्ये उतार मोजणारं ॲप घ्या आणि एखाद्या रविवारी धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्यावर जाऊन वेगवेगळे उतार मोजा. आधी अंदाज बोलायचा, मग फोन टेकवायचा. ज्याला आपण ४५ म्हणतो तो बहुतेक वेळा तिसाच्या आसपास निघतो. हा सराव इथे, आपल्या मुरमाड डोंगरावर होऊ शकतो, आणि तो झालेला माणूस बर्फात वेगळ्या नजरेने वर बघतो.

आमचा तंबू तर सपाटीवर आहे. मग?

हिमस्खलन सपाटीवर सुरू होत नाही, पण सपाटीवर येऊन थांबतं. म्हणून ‘मी कशावर उभा आहे’ याच्याइतकाच ‘माझ्या वर काय आहे’ हाही प्रश्न विचारायचा. २८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडात माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन आलं. ५४ जण सापडले, ४६ वाचले, ८ गेले. ते कुणी शिखर चढत नव्हते, राहत्या कंटेनरमध्ये होते. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये गंगटोकहून नथू ला कडे जाणाऱ्या रस्त्यावर ७ पर्यटक दगावले. तेही गिर्यारोहक नव्हते.

तंबूची जागा बघताना झाडं वाचा. दाट, जुनं, उभं जंगल हे चांगलं लक्षण. पण जंगलाच्या मधूनच वरपासून खालपर्यंत एक मोकळा पट्टा उतरलेला असेल, कडेच्या झाडांच्या वरच्या अंगाच्या फांद्या तुटलेल्या असतील, भोजपत्राची झाडं उताराच्या दिशेला वाकलेली असतील, तर ती हिमस्खलनाची नेहमीची वाट आहे. तिथे तंबू नाही, जेवण नाही, फोटोसाठीही थांबायचं नाही. अरुंद नाला, खोलगट वाटी आणि कड्याच्या वरची पायवाट इथे छोटं हिमस्खलनही जीव घेतं, कारण नाल्यात बर्फ खोल साचतो आणि कड्यावरून माणूस फेकला जातो.

कोणते महिने धोक्याचे?

महिन्यापेक्षा मागच्या तीन दिवसांत काय झालं ते महत्त्वाचं. मोठ्या बर्फवृष्टीत आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त हिमस्खलनं होतात. तरी ढोबळ चित्र असं.

डिसेंबर ते मार्च भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ (ओलावा घेऊन येणारी वादळी हवा) येतात आणि काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ टाकतात. पीर पंजाल म्हणजे गुलमर्ग, सोलंग, रोहतांगकडे एकेका वादळात भरपूर बर्फ पडतो. तिथे वादळ सुरू असताना आणि लगेच नंतर जपायचं. स्पिती आणि लडाखकडे कच्चा थर आठवडेच्या आठवडे टिकतो, म्हणून चार दिवस ऊन पडलं तरी निर्धास्त व्हायचं नाही. मार्चनंतर सगळीकडे दुपारचं ऊन हा शत्रू. बर्फात पाणी मुरतं, थर सैल होतात आणि जड, ओला बर्फ सुटतो.

ऑक्टोबरला आपले लोक सुरक्षित समजतात. दिवाळीची सुट्टी, मोकळं आकाश. पण ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींच्या तुकडीवर हिमस्खलन आलं आणि २९ जण गेले. ही शिकलेल्या, शिकवणाऱ्या लोकांची तुकडी होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातलं हुडहुड वादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि त्याचे ढग दोन दिवसांत नेपाळात पोहोचले. अन्नपूर्णा भागात थोरोंग ला खिंडीकडे बर्फाने आणि हिमस्खलनांनी चाळीसहून जास्त माणसं मेली. वादळ आंध्रात आणि मरण हिमालयात. म्हणून निघण्याआधी अख्ख्या देशाचा हवामान नकाशा बघायचा.

फेब्रुवारीत आपल्याकडे गारपीट झाली, तर त्यावरून तिकडचा अंदाज येतो का?

थोडा येतो. हिवाळ्याच्या शेवटी खानदेशात ढग, अवकाळी आणि गारपीट येते तेव्हा पुष्कळदा वर उत्तरेत जोराचा पश्चिमी विक्षोभ सुरू असतो आणि त्याच्या वाऱ्यांना दक्षिणेकडून ओलावा मिळालेला असतो. तेव्हा रब्बीचा गहू-हरभरा आडवा झाल्याच्या बातम्या वाचताना आपला ट्रेक आठवड्यावर असेल, तर हिमाचल-उत्तराखंडचं हिमस्खलनाचं बुलेटिन लगेच उघडून बघा. मात्र गारांवरून निर्णय घेऊ नका, निर्णय बुलेटिनवरून घ्यायचा.

बुलेटिन कोण काढतं आणि ते वाचायचं कसं?

भारतात हे काम चंडीगडची डीजीआरई ही डीआरडीओची (संरक्षण संशोधन संस्थेची) प्रयोगशाळा करते. पूर्वी मनालीला १९६९ पासून सासे नावाची संस्था होती, ती २०२० मध्ये यात विलीन झाली. बुलेटिनमध्ये जिल्हा, किती उंचीच्या वर धोका आहे ती उंची, आणि धोक्याची पातळी १ ते ५ दिलेली असते. आपला मुक्काम आणि खिंड किती मीटरवर आहे हे माहीत नसेल तर त्या उंचीचा काही उपयोग नाही, म्हणून आधी ते लिहून ठेवा.

पातळी ३ ला लोक ‘मधली’ समजतात आणि इथेच फसतात. ३ चा अर्थ असा की पुष्कळ उतारांवर एकट्या माणसाच्या वजनानेही लादी सुटू शकते. ४ आणि ५ ला बहुतेक जण घरात बसतात, रस्ते बंद असतात. ३ ला आकाश निळं असतं, ट्रेक सुरू असतात. जगभर मोठ्या संख्येने मृत्यू होतात ते याच पातळीला. माझं स्पष्ट मत: बर्फाचं शिक्षण न घेतलेल्या माणसाने ३ ला ३० अंशांच्या किंवा त्याहून तीव्र उतारावर, किंवा अशा उताराच्या पायथ्याशी, जाऊच नये. १ लाही धोका शून्य नसतो.

हवामान खात्याचा यलो, ऑरेंज, रेड अलर्ट ही वेगळी गोष्ट आहे. तो पाऊस-बर्फ-वाऱ्याचा इशारा असतो. तो उठला तरी पडलेला बर्फ उतारावरच असतो.

वाटेवर काय दिसलं की मागे फिरायचं?

ताजं हिमस्खलन. तशाच दुसऱ्या उतारावर, त्याच दिशेच्या तोंडावर नुकतंच काही सुटलेलं दिसलं तर आणखी पुरावा नको.

आवाज. पाय टाकल्यावर बर्फ खाली बसतो आणि ‘धुप्प’ असा खोल, दबका आवाज होतो. कधी आजूबाजूचा बर्फ बोटभर खचलेला जाणवतो. पायाखालचा कच्चा थर त्या क्षणी मोडलेला असतो. तुम्ही सपाटीवर होतात म्हणून काही घसरलं नाही, एवढंच. हा आवाज ऐकून कुणी हसून पुढे गेलं तर त्याला हाताला धरून थांबवा.

बुटाच्या पुढून निघून लांब पळणाऱ्या भेगा.

मागच्या २४ तासांत फूटभर किंवा जास्त नवा बर्फ. त्याच्या जोडीला वारा असेल तर आकडा विसरा, कारण वारा बर्फवृष्टीच्या कैक पट वेगाने आडोशाच्या उतारावर बर्फ साठवतो. धारेवरून बर्फाचा धूर उडताना दिसतो तेव्हा तो पलीकडच्या बाजूला जमा होत असतो.

अचानक वाढलेली उष्णता किंवा बर्फावर पाऊस. उतारावरून छोटे गोळे आपोआप घरंगळायला लागले, पाय घोट्याऐवजी गुडघ्यापर्यंत रुतायला लागला, की त्या दिवसाचं चालणं संपलं.

जोरात ओरडल्याने हिमस्खलन येतं का?

नाही. माणसाच्या आवाजात तेवढी ताकद नसते. संकटात सोबत्याला ओरडून सांगायला घाबरू नका. भूकंपाने मात्र येतं. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपात एव्हरेस्टचा बेस कॅम्प असाच उद्ध्वस्त झाला.

वाट मळलेली आहे, कालचा ग्रुप गेला, गाईडही तयार आहे. मग आपणच का थांबायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर.

मळलेली वाट एवढंच सांगते की काल कुणीतरी गेलं. लादी पहिल्या माणसाने सुटते, तशीच दहाव्यानेही सुटते. बर्फ एका ठिकाणी जाड आणि दोन पावलांवर पातळ असतो, आणि पातळ जागीच कच्च्या थरापर्यंत वजन पोहोचतं. कालच्या लोकांचा पाय त्या जागी पडला नसेल. काल पहाटे थंडीत गेले असतील आणि तुम्ही दुपारी उन्हात जाताय.

गाईड जाणता असतो, पण तो तुमच्यामुळे दबावात असतो. पंधरा जण खानदेशातून हजार-दीड हजार किलोमीटर आलेत, पैसे भरलेत, ‘समिट’ झालं नाही तर परतल्यावर तक्रार करतील, हे त्याला माहीत असतं. आदल्या रात्री जेवताना त्याच्याशी एक वाक्य बोला: ‘भैया, तुम्ही परत फिरा म्हणालात तर आमच्यातला एकही माणूस वाद घालणार नाही.’ मग बघा, तो सकाळी किती मोकळेपणाने खरं सांगतो.

आणि आपला स्वतःचा दबाव. परतीचं कन्फर्म तिकीट, सोमवारची ड्युटी, ग्रुपवर टाकायचा फोटो. त्यात कुणीतरी म्हणतं, ‘चाल ना भो, काही नाही होत.’ दहातल्या नऊ वेळा खरंच काही होत नाही, आणि तीच मोठी अडचण आहे. चुकीचा निर्णय घेऊनही माणूस सुखरूप उतरतो आणि समजतो की निर्णय बरोबर होता. बर्फ प्रत्येक चुकीची शिक्षा देत नाही, त्यामुळे अनुभवी माणसालाही तो चुकीचं शिकवतो.

यावर उपाय घरीच करायचे. परतीचं तिकीट काढताना दोन मोकळे दिवस ठेवा. वेटिंग लागलं तरी चालेल, पण दिवस ठेवा. गटात आधीच ठरवा की एकाने जरी ‘मला बरोबर वाटत नाही’ म्हटलं तरी सगळे थांबणार, आणि त्याला कारण विचारून कोंडीत पकडायचं नाही. परत फिरण्याची वेळ घड्याळात ठरवा आणि ती सगळ्यांना पाठ असू द्या.

संशयाचा उतार ओलांडावाच लागला तर?

आधी खरंच ‘लागला’ का ते तपासा. लांबचा वळसा, दुसऱ्या दिवशीची पहाट, मागे फिरणं, यातलं काहीच शक्य नसेल तरच. मग एका वेळी एकच जण जातो, बाकीचे सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवतात. काठीचे पट्टे मनगटातून काढा, जाकिटाची चेन वर ओढा, तोंडावर बफ (गळ्यातला नळीसारखा रुमाल) घ्या. शक्य तितक्या वरच्या बाजूने ओलांडा आणि मध्ये थांबू नका. पलीकडे पोहोचलेला माणूस उताराच्या बाहेर, कडेला जाऊन उभा राहतो. फोटो काढायला परत वळत नाही.

बीकन, प्रोब, फावडं: हे सगळं साध्या ट्रेकरने घ्यायचं का?

जंगलातून आणि सौम्य उतारावरून जाणाऱ्या नेहमीच्या हिवाळी ट्रेकला वाट नीट निवडली तर गरज पडत नाही. गुलमर्गला पिस्टच्या (आखून दिलेल्या स्कीइंगच्या वाटेच्या) बाहेर स्कीइंग, हिवाळ्यात खिंड ओलांडणं, शिखर मोहीम, इथे प्रत्येकाकडे तिन्ही हवेत. प्रत्येकाकडे, आणि तिन्ही. बीकन हे अंगावर बांधायचं छोटं रेडिओ यंत्र, ते ४५७ किलोहर्ट्झवर संकेत सोडतं आणि दुसऱ्याचा संकेत पकडतं. त्याने जागा साधारण कळते, प्रोबने (बर्फात टोचायच्या लांब, घडीच्या सळईने) नेमकी खोली कळते, धातूच्या फावड्याने माणूस निघतो. हाताने किंवा ताटलीने तो बर्फ उकरला जात नाही. फोन बीकनपासून दूर ठेवा. शोधताना तर हातभर लांब, नाहीतर संकेत चुकतो.

सराव नसेल तर बीकन म्हणजे गळ्यातलं ओझं. उन्हाळ्यात गिरणेच्या कोरड्या पात्रात हा सराव छान होतो. एकाने बीकन चालू करून जुन्या दप्तरात घालायचं आणि हातभर खोल वाळूत पुरून वर पावलांच्या खुणा पुसायच्या. बाकीच्यांनी पाठ फिरवून उभं राहायचं, मग घड्याळ लावून शोधायचं. बाण दाखवेल तसं वेगाने जायचं, आकडा लहान झाला की बीकन जमिनीलगत धरून हळूहळू आडवं-उभं फिरवायचं. पहिल्या वेळी सगळे धावतात, एकमेकांना आदळतात आणि कुणाचं तरी बीकन ‘शोध’वर न टाकता ‘सोड’वरच राहिलेलं असतं, त्यामुळे सगळे त्याच्याकडेच जातात. ही गडबड वाळूत झालेली बरी. प्रोब मात्र वाळूत नीट शिरत नाही. तो सराव बर्फावरच.

सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर नेऊ का?

भारतात दूरसंचार विभागाची परवानगी नसताना नेऊ नका. परदेशातल्या नातेवाइकाने आणून दिलेलं उपकरण असलं तरी गुन्हा दाखल होतो. सीमेलगतच्या भागात तर तपासणी कडक असते.

अंगावर आलं तर काय करायचं?

ओरडा, म्हणजे सोबत्यांचं लक्ष जाईल. लादी सुटल्याच्या पहिल्या क्षणी कडेला पळायचा प्रयत्न करा. काठ्या सोडा. वर राहण्यासाठी झगडत राहा, झाड-दगड हाताशी आला तर धरा. वेग कमी होतोय असं वाटताच दोन्ही हात तोंडासमोर आणा आणि श्वासासाठी पोकळी करा. थांबल्यावर ते करता येणार नाही.

सोबती गाडला गेला. आता?

पूर्ण गाडल्या गेलेल्यांना पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर दहातले जवळपास नऊ जगतात. अर्धा तास झाला की तिघांत एक उरतो. बहुतेक जण गुदमरून जातात. मदत पथक कितीही चांगलं असलं तरी एवढ्या वेळात पोहोचत नाही. म्हणजे वाचवणारे तुम्हीच. सगळ्यांनी मदत आणायला धावत सुटणं ही या प्रसंगातली सगळ्यात घातक गोष्ट.

तो शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांनी पकडून ठेवा आणि तिथे खूण करा. वरून आणखी काही येण्यासारखं आहे का, ते बघा. मग त्या जागेच्या खालच्या बाजूला शोधा: हातमोजा, काठी, बर्फातून वर आलेली सॅक, जे दिसेल ते ओढून बघा, माणूस त्याला जोडलेला असू शकतो. सगळ्यांनी बीकन शोधावर टाकायचं. जागा कळली की उताराला काटकोनात प्रोब टोचायचा, मध्यापासून बाहेर गोल-गोल, दर २५ सेंटिमीटरवर. प्रोब लागला की तो काढायचा नाही. त्याच्या वर उभं राहून खणू नका. उताराच्या खालच्या अंगाने थोडं मागून आत शिरत खणा, एक जण पुढे, बाकीचे मागून बर्फ बाजूला सारत, आणि दर काही मिनिटांनी पुढचा बदला. एक घनमीटर म्हणजे ३०० किलोपेक्षा जास्त बर्फ असतो.

आधी तोंड आणि छाती मोकळी करा. तोंडातला बर्फ काढा, श्वास नसेल तर लगेच कृत्रिम श्वासासह सीपीआर (छाती दाबणं). बाहेर काढताना झटके देऊ नका, गारठलेल्या शरीराचं हृदय नाजूक झालेलं असतं. कोरडे कपडे, खाली मॅट, वर झोपण्याची पिशवी.

उशीर झाला म्हणून शोध सोडू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले आणि लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला त्यांचं निधन झालं, पण तोवर ते श्वास घेत होते. तंबूत हवेची पोकळी राहिली असेल तर असं घडू शकतं.

आई-बाबा केदारनाथला जाणार आहेत, कपाट उघडल्या-उघडल्या. त्यांना हे लागू आहे का?

आहे. एप्रिलच्या शेवटी, मे महिन्याच्या सुरुवातीला लिंचोलीच्या वर भैरव आणि कुबेर या नाल्यांमधून वाट बर्फ कापून काढलेली असते आणि वरून हिमखंड खाली येतात. तिथे पोलीस आणि एसडीआरएफची (राज्य आपत्ती दलाची) माणसं उभी असतात, ‘चलो, चलो’ म्हणतात. त्या पट्ट्यात थांबून पाणी प्यायचं नाही, व्हिडिओ काढायचा नाही. काका-काकू दमलेले असतील तर नाल्याच्या अलीकडेच बसवा, दम घेऊ द्या, मग एका दमात पार करा. शक्य असेल तर यात्रा दोन-तीन आठवडे पुढे ढकला. देव तिथेच आहे, बर्फ तेवढा उतरतो.

हिमस्खलनाशिवाय बर्फात आणखी काय सांभाळायचं?

पहाटेचा कडक बर्फ. पाय सटकला तर माणूस थांबत नाही, म्हणून मायक्रोस्पाइक (बुटावर चढवायचे खिळ्यांचे पट्टे). धारेवर बाहेर झुकलेला बर्फाचा छज्जा तुम्हाला वाटतं त्याहून बराच मागून तुटतो, कडेला सेल्फी नको. ओढ्यावरचा बर्फाचा पूल दुपारी कमकुवत होतो. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, तेव्हा ढगाळ दिवसातही काळा चष्मा. गॉगल विसरलेल्याला रात्री डोळ्यांत वाळू गेल्यागत होतं आणि दोन दिवस काही दिसत नाही.

ट्रेक कंपनीला पैसे भरण्याआधी काय विचारू?

वाटेत ३० अंशांच्या वरचे उतार कुठे आहेत आणि ते किती वाजता ओलांडता? बुलेटिन रोज कोण बघतं, आणि कुठल्या पातळीला ट्रेक रद्द करता? मागच्या हंगामात हवामानामुळे कुठल्या बॅचेस परत फिरवल्या? गाईडने कुठून शिक्षण घेतलं? तुकडीत फावडं, दोर, ऑक्सिजन आहे का? ‘आमच्याकडे कधीच काही झालं नाही’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरी कंपनी बघा. एकही बॅच कधी परत फिरवली नाही, हे सांगताना ज्यांना अभिमान वाटतो त्यांच्याकडे जाऊ नका.

हे नीट शिकायचं असेल तर कुठे?

उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयीन गिर्यारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, पहलगामची जवाहर संस्था. बेसिक कोर्स जवळपास महिनाभराचा असतो आणि जागा लवकर भरतात, तेव्हा वर्षभर आधी अर्ज करा. सातपुड्यात अस्तंब्याची यात्रा करणाऱ्या पोरांचे पाय आणि दम या कोर्सला पुरून उरतात. त्यांना फक्त कुणीतरी फॉर्म भरून द्यायला हवा. गटातल्या दोघांनी जरी कोर्स केला तरी सगळ्यांचा फायदा होतो.

घरी काय सांगून जायचं?

रोजच्या मुक्कामाची नावं आणि उंची, गाईडचा आणि कंपनीच्या बेस ऑफिसचा नंबर, सोबतच्या सगळ्यांची नावं आणि रक्तगट, हे एका कागदावर लिहून घरी द्या, फोनमध्ये नको. नेटवर्क शेवटचं कुठल्या गावात मिळेल आणि परत कधी मिळेल ते लिहा. त्या वेळेनंतर एक दिवस थांबून, त्याआधी नाही आणि त्यानंतर नाही, घरच्यांनी आधी कंपनीला फोन करायचा. उत्तर समाधानकारक नसेल तर त्या जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला. नंबर १०७७ आहे, पण जळगावातून नुसता १०७७ फिरवला तर तो जळगावच्याच कक्षात लागतो. आधी त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लावावा लागतो. तो कोड निघण्याआधी शोधून त्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.